फीचा आकडा कळायचा कधी?

जून-जुलैत या सदराकडे येणाऱ्या पत्रांची थप्पी वाढते आणि त्यात फीची पत्रं जास्त असतात, हे दरवर्षीचंच. यंदा वाचताना मी एक गोष्ट मुद्दाम पाहिली. 'फी फार आहे' एवढंच लिहिणारे थोडे निघाले. बहुतेकांचं म्हणणं असं, की आकडा आयत्या वेळी कळला, किंवा आधी एक सांगितला आणि खिडकीवर दुसराच निघाला. मी ३१ वर्षं एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केली, त्यातली १९ फीच्या खिडकीमागे बसून. त्यामुळे हा विषय मला वरवरचा वाटत नाही. या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलगी बारावीला ७८ टक्के घेऊन पास झाली. मे महिन्यात कॉलेजात चौकशी केली तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सची फी १८,५०० रुपये सांगितली. जुलैत प्रवेशाला गेलो तर २४,९०० मागितले. विचारलं तर म्हणाले, 'नवीन फी कालच मंजूर झाली.' कॉलेजने फी कधी ठरवायची याला काही कायदा आहे का? की त्यांच्या मनात येईल तेव्हा?
— एक शेतकरी पालक, लातूर जिल्हा

कायदा आहे, भाऊ. फारसा कोणाला माहीत नाही, एवढंच.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, विद्यार्थी तक्रार निवारण विनियम एप्रिल २०२३ मध्ये आले. नावात तक्रार असली तरी त्यात माहितीपत्रकाविषयी एक तरतूद आहे आणि तीच तुमच्या कामाची. कुठल्याही अभ्यासक्रमाचे प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी कॉलेजने माहितीपत्रक छापायचं किंवा संकेतस्थळावर टाकायचं. त्यात फीचा प्रत्येक घटक, अनामत रक्कम आणि इतर आकार दाखवायचे. प्रवेश सोडला तर किती टक्के परत मिळेल तेही लिहायचं. समजा प्रवेश १५ जूनला सुरू होणार असतील, तर १६ एप्रिलला आकडा लोकांसमोर असायला हवा. याच विनियमांत तक्रार कशाला म्हणायचं याची यादी आहे. माहितीपत्रक प्रसिद्ध न करणं त्यात आहे, त्यात चुकीची किंवा दिशाभूल करणारी माहिती देणं आहे, आणि जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं हेही आहे. तुमची गोष्ट या तिसऱ्यात सरळ बसते, जर मे महिन्यातला आकडा कुठे लिहिलेला असेल तर. तोंडी सांगितलेला असेल तर अवघड जातं, पण मार्ग बंद होत नाही.

आता 'कालच मंजूर झाली' या वाक्याकडे येते. हे वाक्य मीही खिडकीतून बोललेली आहे, त्यामुळे त्याच्यामागे काय असतं ते सांगते. कॉलेज अनुदानित असलं तरी त्यातल्या सगळ्या तुकड्या अनुदानित नसतात. साध्या बी.एस्सी.ची तुकडी अनुदानित असते, तिची फी अगदी कमी असते आणि वर्षानुवर्षं फारशी हलत नाही. कॉम्प्युटर सायन्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तुकडी असते, तिच्या प्राध्यापकांचा पगार फीतून निघतो. एकच इमारत, एकच प्राचार्य, एकच खिडकी, आणि फी मात्र दोन तऱ्हेची. पालकाला हा फरक कोणी सांगत नाही. संलग्न कॉलेजांच्या फीचे दर विद्यापीठाकडून येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये त्यासाठी फी ठरवणाऱ्या समितीची सोय आहे. समितीची बैठक लांबली की परिपत्रक लांबतं, परिपत्रक लांबलं की कॉलेज जुन्या दराने प्रवेश सुरू करतं आणि मग 'फरक' वसूल करतं. यात पैसे लाटण्याचा हेतू असतोच असं नाही. पण हेतू चांगला असला म्हणून पालकाच्या खिशाला पडणारी ओढ कमी होत नाही.

मला एक जुलै आठवतो. दर वाढल्याचं परिपत्रक महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आलं, तोवर निम्मे प्रवेश झालेले. फी-रजिस्टरला उजवीकडे आम्ही पेन्सिलीने एक रकाना आखला आणि वर लाल शाईने 'फरक' लिहिलं. ज्यांनी फी भरून पावती नेली होती त्यांना पोस्टकार्डं टाकली. एक गृहस्थ सकाळच्या एसटीने आले. फरक ३४० रुपयांचा होता. त्यांनी पोस्टकार्ड खिडकीच्या फळीवर ठेवलं, पावती त्याच्याशेजारी ठेवली आणि दोन्हींवरच्या तारखा बोट ठेवून वाचल्या. मग म्हणाले, "मॅडम, हे मार्चात कळालं असतं तर तुरीचे पैसे होते घरात. आता ते मातीत पडलेत." पेरणी होऊन आठ दिवस झाले होते. खत, बियाणं, मजुरी, सगळं देऊन झालेलं. मार्चमध्ये ३४० रुपये त्यांना जड नव्हते. जुलैत ते सावकाराकडून आणावे लागणार होते. त्या वर्षी त्यांच्या मुलाचा परीक्षा अर्ज 'फी बाकी' म्हणून अडला आणि पुढे विलंब शुल्कासह भरला गेला. तो शेरा मीच मारला होता. नियमाप्रमाणे मारला होता, तरी तो रकाना अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की फी ठरवण्याची तारीख ही फीइतकीच कायद्यात पक्की असली पाहिजे, आणि ती तारीख पीक हातात असताना, पतसंस्थेत अर्ज करायला वेळ असताना, मुलीने दुसरं कॉलेज निवडायला वाव असताना यायला हवी. हे अशक्य नाही. आपल्याच राज्यात शाळांसाठी हे लिहून ठेवलेलं आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे शाळेच्या व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो, समितीने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नसते. अंमलबजावणीत किती भोकं आहेत ते पालकांना ठाऊक आहे. तरीही पहिलीच्या मुलासाठी सहा महिने आणि पदवीच्या मुलीसाठी आदल्या दिवशी, हे मला पटत नाही.

तुम्ही आता काय करायचं? आधी २४,९०० चे घटक लिहून मागा. शिक्षण शुल्क किती, प्रयोगशाळा किती, ग्रंथालय अनामत किती, विकास निधी किती. 'इतर' असं एकच खोकं भरलेलं असेल तर 'इतर' म्हणजे काय ते विचारा. दुसरं, 'कालच मंजूर' झालेल्या परिपत्रकाची प्रत मागा. त्यावर जावक क्रमांक आणि तारीख असतेच. दिली नाही तर विद्यापीठाकडे माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मंजूर दरापेक्षा जास्त मागत असतील तर बाब गंभीर आहे. १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्यात मंजूर दरापेक्षा जास्त घेतलेली रक्कम, मग तिला नाव काहीही द्या, कॅपिटेशन फीच धरली आहे. 'इमारत निधी' म्हणा की 'ऐच्छिक सहकार्य' म्हणा, नावाने काही बदलत नाही.

आणि एक. मुलीचा प्रवेश या भांडणात घालवू नका. पैसे भरताना पावतीच्या कॉलेजकडच्या प्रतीवर 'जाहीर फीपेक्षा जादा रक्कम हरकत ठेवून भरली' असं लिहा, सही करा आणि त्याचा फोटो काढा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला खासगी विनाअनुदानित कॉलेजात प्रवेश घेतोय. ऑफिसमध्ये सांगतात, 'यंदाची फी अजून एफआरएकडून यायची आहे, आता एवढी भरा आणि नंतर जो फरक येईल तो भरीन असं हमीपत्र द्या.' हमीपत्रात रक्कम कोरी आहे. सही करू का?
— विद्यार्थी, नाशिक

कोऱ्या रकमेवर सही करू नकोस.

एफआरए म्हणजे शुल्क नियामक प्राधिकरण. विनाअनुदानित खासगी व्यावसायिक संस्थांचे प्रवेश आणि फी यांसाठी महाराष्ट्राने २०१५ मध्ये जो कायदा केला त्याने ते स्थापन झालं. त्याआधी हेच काम शिक्षण शुल्क समिती करायची; जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. संस्थेने हिशेबांसह प्रस्ताव द्यायचा, प्राधिकरणाने तो तपासायचा आणि त्या वर्षाची त्या कॉलेजची फी मंजूर करायची, अशी पद्धत आहे. मंजूर रकमेत शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग असतात.

या व्यवस्थेमागे सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल आहेत, ते थोडक्यात माहीत असू देत. २००२ मध्ये टी.एम.ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की खासगी संस्था आपली फी ठरवू शकते, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमीच्या खटल्यात फी तपासायला निवृत्त न्यायाधीशांच्या समित्या नेमायला सांगितलं. २००५ मध्ये इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, म्हणजे आपल्याच राज्यातून गेलेल्या प्रकरणात, सात न्यायाधीशांनी या समित्या कायम ठेवल्या. यामुळे 'आमची खासगी संस्था आहे, फी आम्ही ठरवू' हे बोलणं अर्धंच खरं आहे.

प्रस्ताव प्रलंबित असणं हे दरवर्षी कुठे ना कुठे घडतं, त्यात तुझं कॉलेज एकटं नाही. तू एवढंच कर. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मंजूर फी असते, तिथे तुझ्या कॉलेजची मागच्या वर्षाची आणि या वर्षाची नोंद पाहा आणि पान जतन कर. आत्ता मागितलेली रक्कम कोणत्या वर्षाच्या कोणत्या आदेशानुसार आहे, ते कॉलेजला पावतीवर लिहायला सांग. हमीपत्र द्यायचंच असेल तर वाक्य असं असू दे: 'शुल्क नियामक प्राधिकरणाने या वर्षासाठी मंजूर केलेली फी मी भरलेल्या रकमेपेक्षा जास्त असल्यास फरक भरीन, आणि कमी असल्यास जादा रक्कम मला परत मिळावी.' शेवटचं अर्धं वाक्य कॉलेजच्या छापील नमुन्यात सहसा नसतं. ते तू हाताने लिही. जादा घेतलेली फी परत करायला लावण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, आणि तेव्हा हे अर्धं वाक्य तुझ्या उपयोगी पडेल.

प्रश्न : तीनही वर्षांची फी एकदम भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं सांगतात. हे बरोबर आहे का?
— एक आई, सोलापूर

नाही, ताई. वर सांगितलेल्या २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालात हे थेट आलं आहे. संस्थेने फी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच घ्यायची. विद्यार्थी मध्येच सोडून जाईल अशी भीती असेल तर फार तर बंधपत्र किंवा बँक हमी मागता येते. आगाऊ फी घेतलीच असेल तर चालू वर्षाचा भाग वापरायचा आणि उरलेली रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवीत ठेवायची. 'जागा दुसऱ्याला देऊ' हे लेखी द्या म्हणा. बहुधा लेखी कोणी देणार नाही, आणि विषय तिथेच मिटेल.

प्रश्न : मुलीने एका कॉलेजात प्रवेश घेतला होता, नंतर दुसरीकडे हवा तो विषय मिळाला. पहिलं कॉलेज फी परत देत नाही आणि मूळ टीसी, मार्कशीटही अडकवून ठेवली आहे. म्हणतात, आधी पूर्ण वर्षाची फी भरा.
— एक पालक, अकोला

कागद अडकवणं सर्वांत आधी थांबवायला हवं, कारण दुसऱ्या कॉलेजातली मुदत त्यामुळे निघून जाते. यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत स्पष्ट आहे की मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यायची, ठेवून घ्यायची नाहीत. आमच्याकडे टीसी मात्र प्रवेशाच्या वेळी जमा व्हायची आणि मुलगी जाताना नव्या टीसीचा अर्ज लागायचा, म्हणून टीसीचा अर्ज वेगळा द्या आणि मार्कशीटचा वेगळा. दोन्ही एकात घातले की एकाचं कारण सांगून दुसरंही रखडवतात.

फीचं गणित त्याच अधिसूचनेत आहे. कॉलेजने जाहीर केलेल्या प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी परत, प्रक्रियेपोटी फार तर ५ टक्के आणि तेही ५,००० रुपयांच्या आत कापून. शेवटच्या तारखेला १५ दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि मग काही नाही. अनामत रक्कम मात्र केव्हाही पूर्ण परत. यावर यूजीसी वेगळ्या पत्राने त्या त्या वर्षाची सवलत देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत १,००० रुपयांहून जास्त न कापता परत, असं होतं. मुलीने कोणत्या वर्षी आणि कोणत्या तारखेला रद्द केलं ते पाहून त्या वर्षाचं पत्र अर्जाला जोडा. कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशांची रद्द करण्याची तारीख वेगळी असते, ती या फेऱ्या घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत पाहावी.

तुमच्या पत्रात रद्द करण्याच्या अर्जाची तारीख नाही. तोंडी 'सोडतोय' म्हटलेलं मोजलं जात नाही. अर्ज अजून दिला नसेल तर हे वाचून झाल्यावर आजच द्या, एकेक दिवस टक्के खातो.

प्रश्न : मुलींना फी माफ आहे ना? मग माझ्याकडून पूर्ण फी का मागतात? आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, प्रवेश कॅपमधून, बी.फार्म.
— विद्यार्थिनी, सांगली

बाळ, तू सांगितलेल्या अटींत तू बसतेस. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. आधी ते पन्नास टक्के होतं. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला हे लागू नाही.

नीट बघ, माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, वसतिगृह, खाणावळ, अनामत यांना नाही. म्हणून पावतीचे घटक वेगळे हवेत, हा मुद्दा इथे पुन्हा येतो. सगळं एका आकड्यात कोंबलं की काय माफ आणि काय देणं हे तुलाच कळत नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भर, त्याचा क्रमांक कॉलेजला दे आणि माफ असलेला भाग वगळून उरलेली रक्कमच मी भरते असं लिहून दे. ऐकलं नाही तर तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात जा. शिक्षण शुल्क माफ असलेल्या मुलीला ते आधी कर्ज काढून भरायला लावणं हे या योजनेच्या मुळावरच येतं.

हा निर्णय मनापासून चांगला आहे. तरी तो ८ जुलैला निघाला याची मला खंत वाटते. तोवर कित्येक घरांत ठरून गेलेलं असतं, की मुलीला फार्मसी झेपणार नाही, बी.ए.ला घालू. हाच कागद जानेवारीत निघाला असता तर त्यातल्या काही मुलींनी सीईटीचा फॉर्म भरला असता.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठात आहे. ती म्हणते तिची फी चार वर्षं बदलणार नाही, तसा तिथे कायदा आहे. खरं आहे का? आपल्याकडे असं का होत नाही?
— एक वाचक, पुणे

खरं आहे. इलिनॉय राज्याने २००३ मध्ये तसा कायदा केला आणि २००४ च्या सत्रापासून सरकारी विद्यापीठांत येणाऱ्या राज्यातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना तो लागू झाला. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षाचं शिक्षण शुल्क सलग चार वर्षं. इतर आकार आणि राहण्या-जेवणाचा खर्च त्यात धरलेला नाही, तो वाढू शकतो. टेक्सासने २०१३ मध्ये थोडा वेगळा मार्ग घेतला, तिथे विद्यापीठाने असा स्थिर दर विद्यार्थ्यापुढे पर्याय म्हणून ठेवायचा.

मला त्याहून व्हर्जिनियाचा कायदा जवळचा वाटतो. तिथे सरकारी विद्यापीठाच्या मंडळाला फी वाढवायची असेल तर ३० दिवस आधी सांगावं लागतं, वाढ अंदाजे किती ते किती असेल, गरज काय आहे, आणि मतदान कोणत्या दिवशी कुठे होणार. लोकांना बोलू दिल्याशिवाय मतदान घेता येत नाही. उशिराचं दुखणं तिकडेही आहेच. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, सरकारकडून किती पैसे मिळणार हे त्याच सुमाराला नक्की होतं, आणि विद्यार्थ्याने कॉलेज पक्कं करायची रूढ तारीख असते १ मे. म्हणजे आधी होकार, मग आकडा. म्हणूनच तिथल्या विधिमंडळांना 'किती' सोबत 'केव्हा' यावरही कायदे करावे लागले.

आपल्याकडे का होत नाही, तर आपण मागितलेलं नाही म्हणून. फी कमी करा म्हणून मोर्चे मी खिडकीतून पुष्कळ पाहिले. फीची तारीख ठरवा म्हणून एकही पाहिला नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजने पदवीच्या प्रवेशाची फी २२ मेला संकेतस्थळावर टाकली आणि ८ जूनपासून प्रवेश सुरू केले. आधीच्या माहितीपत्रकात फीच्या जागी 'नियमाप्रमाणे' एवढंच होतं. आम्ही सात विद्यार्थी मिळून अर्ज देणार आहोत. कसा लिहायचा?
— विद्यार्थी प्रतिनिधी, जळगाव

१७ दिवस होतात, ६० नाहीत. अर्ज छोटा ठेवा. मोठे अर्ज वाचले जात नाहीत, हे मी अर्ज घेणाऱ्या बाजूने सांगते. असा लिहा:

'प्रति, मा. प्राचार्य. विषय : प्रवेशापूर्वी ६० दिवस फी जाहीर न केल्याबाबत. महोदय, यूजीसीच्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियम, २०२३ नुसार प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी फीच्या प्रत्येक घटकासह माहितीपत्रक प्रसिद्ध करणं आवश्यक आहे. आपल्या महाविद्यालयाने फी २२ मे रोजी जाहीर केली व प्रवेश ८ जून रोजी सुरू केले. आधीच्या माहितीपत्रकात फीच्या जागी "नियमाप्रमाणे" असे छापलेले आहे. सबब, या वर्षी मागील वर्षाच्या दराने फी घ्यावी, जादा भरलेली रक्कम परत करावी, आणि हा अर्ज विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे ठेवावा. सोबत : माहितीपत्रकाचे पान, संकेतस्थळाचे तारखेसह छायाचित्र, पावत्यांच्या प्रती.'

खाली सातही जणांच्या सह्या, वर्ग आणि प्रवेश क्रमांक. हाच मजकूर कॉलेजच्या तक्रारीच्या ऑनलाइन पोर्टलवरही टाका. कॉलेजने तो आपल्या म्हणण्यासह १५ दिवसांत समितीकडे पाठवायचा असतो आणि समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समितीपुढे स्वतः बोलायची संधी तुम्हाला मिळते, तेव्हा दोघांनी जा, एकाने बोला आणि दुसऱ्याने लिहून घ्या. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपालाचं नाव आणि पत्ता विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असायला हवा.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक खिडकीत द्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. 'साहेब आले की मारून देतो' असं सांगतील. शिक्का टेबलाच्या उजव्या खणात असतो, त्याला साहेब लागत नाहीत.